६१२ प्रथिनांच्या यादीतले खरे सोबती ओळखायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमधल्या एका महाविद्यालयात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीने एका मानवी प्रथिनाला फ्लॅग टॅग (ओळखीची छोटी शेपटी) जोडला आणि ते एचईके-२९३टी या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींमध्ये तयार करून घेतलं. फ्लॅगला पकडणाऱ्या अँटिबॉडीचे बीड्स (बारीक मणी) वापरून पुलडाउन केला, म्हणजे ते प्रथिन सोबत्यांसकट ओढून काढलं, आणि नमुना बाहेरगावी मास स्पेकला, म्हणजे वस्तुमान मोजून प्रथिनं ओळखणाऱ्या मशीनला, पाठवला. एक्सेलमध्ये ६१२ प्रथिनं परत आली. कंट्रोल (तुलनेचा नमुना) म्हणून अँटिबॉडी नसलेले साधे बीड्स घेतले होते. त्यात सापडलेली दोनशेच्या आसपास प्रथिनं वजा केली, तरी चारशेवर उरली. गाइड म्हणतात, वरची वीस घे आणि नेटवर्कची आकृती काढ. तिचं मन मानत नाही. ती विचारते, यातली खरी किती? आणि हे सगळं नाशिकमधून नीट करता येतं का?

तुमचं मन मानत नाही ते योग्यच आहे. मी जवळजवळ पंधरा वर्षं याच कामात घालवली, त्यातली निम्मी मशीनसमोर आणि निम्मी असल्या यादीसमोर. आता नाशिकला परत आले आहे आणि आसपासच्या विद्यार्थ्यांचा डेटा बघून देते. दर दोन-तीन महिन्यांनी हाच प्रश्न येतो, फक्त आकडा बदलतो. कधी ३५०, कधी ११००.

आधी एक गैरसमज दूर करते. मशीन चालवणाऱ्या फॅसिलिटीच्या अहवालात '१ टक्का एफडीआर' (चुकीच्या ओळखींचं प्रमाण) असं लिहिलेलं असेल. ते वाचून बहुतेकांना वाटतं की ९९ टक्के इंटरॅक्शन्स (प्रथिनांच्या जोड्या) खरी आहेत. तसं नाही. तुमच्या ट्यूबमधली सगळी प्रथिनं ट्रिप्सिनने कापली जातात, लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे. त्यातून पेप्टाइड्स होतात. ती कॉलममधून वेगळी होत येतात, फवाऱ्यातून विद्युतभारित होऊन मशीनमध्ये शिरतात, तिथे त्यांचं वस्तुमान मोजलं जातं, मग त्यांचे तुकडे करून तुकड्यांचंही वस्तुमान मोजलं जातं. हा सगळा ठसा मानवी प्रथिनांच्या वीस हजारांवर नोंदींशी जुळवून पाहतात. १ टक्का ही चूक या जुळणीतली आहे. म्हणजे ६१२ पैकी पाच-सहा नावं चुकीची असू शकतात, बाकीची प्रथिनं ट्यूबमध्ये खरोखर होती. ती तिथे का होती, तुमच्या प्रथिनाचा हात धरून आली की प्लॅस्टिकला चिकटून आली, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही.

म्हणून तुमचा खरा प्रश्न 'खरी किती' हा नाहीच. खरा प्रश्न आहे: कशाच्या तुलनेत जास्त?

गंगापूर रोडवरच्या एखाद्या लॉन्समधलं लग्न डोळ्यांसमोर आणा. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत नवरदेवाच्या आसपास कोण दिसतं? मामा, काका, मित्र, आणि फोटोग्राफरचा लाइट धरणारा पोरगा, पाणी वाटणारे वाढपी, गुरुजी. लाइटवाला पोरगा तर नवरदेवाच्या सख्ख्या मामापेक्षा जास्त फोटोंत असेल. एकच अल्बम हातात असेल तर तो नातेवाईक नाही हे तुम्ही कशावरून ठरवणार? त्याच लॉन्सवर झालेल्या दुसऱ्या चार लग्नांचे अल्बम मागवावे लागतील. जो सगळीकडे दिसतो तो घरचा नाही. आणि हो, अल्बम त्याच लॉन्सचे हवेत. पंचवटीतल्या दुसऱ्या कार्यालयाचे आणलेत तर तिथला वाढपी वेगळा असतो आणि आपला वाढपी नातेवाईक ठरतो.

शेवटचं वाक्य तुमच्या कंट्रोलबद्दल आहे. साधे बीड्स म्हणजे वेगळं कार्यालय. अँटिबॉडी स्वतःच काही प्रथिनं धरून आणते, ती साध्या बीड्सवर दिसणारच नाहीत, आणि वजाबाकीत ती सगळी तुमच्या खात्यावर जमा होतील.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षी माझं प्रथिन आरएनएला बांधलं जाणारं होतं, त्याच्या एका टोकाला आर्जिनिनची रांग. यादीत अगदी वर पीआरएमटी-५ आलं. हे एन्झाइम आर्जिनिनवर मिथाइल गट चढवतं. यापेक्षा सुंदर गोष्ट काय असणार! त्याचा कायमचा जोडीदार डब्ल्यूडीआर-७७ सुद्धा यादीत होता, म्हणजे सगळं कॉम्प्लेक्स आलं असा मी अर्थ लावला. आठ महिने मी त्या मिथाइल गटाच्या मागे होते. शेवटी लॅब मीटिंगला बाहेरून आलेल्या एका बाईंनी जेलचा फोटो बघून सहज विचारलं, "एम-२ अँटिबॉडी का?" फ्लॅगची एम-२ अँटिबॉडी पीआरएमटी-५ आणि त्याचा जोडीदार आपणहून उचलते. त्यासाठी फ्लॅग असलेलं प्रथिन पेशीत असावंही लागत नाही. त्या क्षेत्रातल्या जुन्या लोकांना हे पाठ असतं. माझा कंट्रोल साध्या आयजीजी बीड्सचा (फ्लॅगशी संबंध नसलेल्या अँटिबॉडीचा) होता, म्हणून तिथे ते दिसलं नव्हतं. तुम्ही आजच यादी उघडून ही दोन नावं शोधा. सापडली तर दचकू नका, पण बाकीच्या यादीकडेही त्याच नजरेने बघा.

मग कंट्रोल कोणता? त्याच पेशी, तोच बफर, तेच एम-२ बीड्स, तितकेच वॉश, त्याच दिवशी. फक्त तुमचं प्रथिन नको. दोन प्रकारे करता येतं. एक, प्लाझ्मिड (तुमच्या प्रथिनाचं जनुक पेशीत नेणारा डीएनए) न घातलेल्या पेशी. दुसरा, फ्लॅग लावलेलं जीएफपी, म्हणजे एक असंबंधित, चमकणारं प्रथिन. मला दोन्ही लागतात, कारण दोन्ही वेगवेगळं दाखवतात. पहिल्यात बीड्सवरच्या जागा रिकाम्या राहतात आणि नको ते जास्त चिकटतं. दुसऱ्यात जागा भरलेल्या असतात आणि पेशीवर परकं प्रथिन बनवण्याचा ताणही तेवढाच असतो. एकच परवडत असेल तर मी फ्लॅग-जीएफपी घेईन, पण पीआरएमटी-५ सारख्या चोराला पकडायला पहिलाच जास्त कामाचा.

आणि वजाबाकी करू नका. कंट्रोलमध्ये एखाद्या प्रथिनाचे दोन स्पेक्ट्रा (मशीनने टिपलेले ठसे) आले आणि तुमच्या नमुन्यात साठ, तर तुमच्या पद्धतीने ते प्रथिन कटाप होतं. ते कदाचित तुमचं सगळ्यात महत्त्वाचं प्रथिन असेल. 'आहे-नाही' असं न बघता 'किती पट' असं बघायचं. त्यासाठी किमान तीन रेप्लिकेट्स लागतात. एकच नमुना मशीनमध्ये तीनदा टोचणं म्हणजे रेप्लिकेट नव्हे. पेशी वेगळ्या दिवशी वाढवलेल्या, पुलडाउन वेगळा, अशी तीन, आणि प्रत्येकासोबत त्याचा कंट्रोल. पैशांचा प्रश्न येतो हे मला माहीत आहे. पण एका प्रथिनाचे तीन-तीन नमुने हे तीन प्रथिनांच्या एकेका नमुन्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतात, कारण दुसऱ्या प्रकारातून छापण्यासारखं काही निघत नाही.

'वरची वीस' यात आणखी एक खोट आहे. वर म्हणजे कशाने वर? बहुतेक अहवाल स्कोअरने किंवा स्पेक्ट्राच्या संख्येने लावलेले असतात. लांबलचक प्रथिनातून जास्त पेप्टाइड्स निघतात, म्हणून ते वर येतं. पेशीत मुबलक असलेलं प्रथिन वर येतं. म्हणून दर यादीच्या माथ्यावर तीच मंडळी: ट्यूब्युलिन, अ‍ॅक्टिन, एचएसपी-७० कुळातली प्रथिनं, रायबोसोमची प्रथिनं आणि केराटिन. पेशीत मोजकेच रेणू असलेलं एखादं कायनेज एन्झाइम तुमच्या प्रथिनाशी घट्ट बांधलेलं असलं तरी ३४० व्या ओळीवर बसलेलं असतं, चार स्पेक्ट्रा घेऊन. कंट्रोलच्या तीनही रेप्लिकेट्समध्ये ते शून्य असेल आणि तुमच्या तीनही रेप्लिकेट्समध्ये चार-पाच, तर माझा रुपया त्यावर लागेल.

हा हिशेब करायची साधनं फुकट आहेत. मॅक्सक्वांट आणि पर्सियस म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेतून आलेली, अजून सगळीकडे वापरतात. सेंट नावाची पद्धत २०११ साली आली. ती प्रत्येक जोडीला खरेपणाची संभाव्यता देते. क्रेपोम हा २०१३ चा साठा म्हणजे जगभरच्या लॅब्जनी आपापले नकारात्मक कंट्रोल एकत्र करून बनवलेली लाइटवाल्यांची यादी. तुमचं प्रथिन कोणत्याही असंबंधित पुलडाउनमध्ये किती वेळा दिसतं ते तिथे कळतं. पण त्याच्या आधारावर स्वतःचा कंट्रोल वाचवू नका. आणि पर्सियसमध्ये रिकाम्या जागी आकडे भरण्याचा पर्याय असतो, तो वापरताना सावध राहा. कंट्रोलमध्ये जे दिसलंच नाही तिथे सॉफ्टवेअर एक छोटा अंदाजी आकडा टाकतं आणि त्यावरून पी-व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा नाही ना, याचा आकडा) काढतं. व्होल्कॅनो प्लॉट, म्हणजे 'किती पट' आणि पी-व्हॅल्यूची ठिपक्यांची आकृती, छान दिसतो. त्यातला प्रत्येक ठिपका मोजलेला आहे की भरलेला, हे मूळ तक्त्यात जाऊन बघा.

इथपर्यंतचं सगळं जवळजवळ कोणत्याही प्रथिनाला लागू आहे. पुढचं मात्र तुमच्या प्रथिनावर अवलंबून आहे आणि ते कोणतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मला 'जर-तर' करत जावं लागेल.

पेशी फोडली की सगळ्या भिंती जातात. केंद्रकातलं, मायटोकॉन्ड्रियातलं, सायटोप्लाझममधलं एका बादलीत येतं आणि जिवंत पेशीत जन्मात न भेटलेली प्रथिनं गळ्यात गळे घालतात. तुमचं प्रथिन केंद्रकातलं असेल आणि यादीत मायटोकॉन्ड्रियाच्या आतली प्रथिनं भरभरून असतील, तर ती बादलीतली ओळख आहे. केंद्रकातल्या प्रथिनांचा आणखी एक घोळ असतो. दोन प्रथिनं एकाच डीएनए किंवा आरएनएच्या धाग्यावर दूर-दूर बसलेली असतात आणि धागा ओढला की दोन्ही येतात. लायसेटमध्ये, म्हणजे फोडलेल्या पेशींच्या द्रवात, बेन्झोनेज हे डीएनए-आरएनए तोडणारं एन्झाइम घालून बघा. नंतरही टिकली ती जोडी प्रथिनांची, गेली ती धाग्याची. रायबोसोमचं ओझंही यानेच कमी होतं.

लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडायचा द्रव, कोणता होता? आरआयपीए असेल तर त्यातल्या एसडीएस आणि डीऑक्सिकोलेट या कडक डिटर्जंट्सनी नाजूक जोड्या आधीच तोडल्या असतील. वेस्टर्नसाठी (अँटिबॉडीने एकेक प्रथिन शोधायच्या चाचणीसाठी) लॅबमध्ये तोच बनवलेला असतो म्हणून सगळे तोच उचलतात. मी सुरुवात १५० मिलिमोलर मीठ आणि अर्धा टक्का एनपी-४० या सौम्य डिटर्जंटने करते आणि मग प्रथिन बघून कमी-जास्त करते. पेशीपटलातल्या प्रथिनांना डिजिटोनिनसारखं सौम्य काही लागतं. शेवटचे दोन वॉश मात्र डिटर्जंट नसलेल्या बफरचे घ्या. एनपी-४० किंवा ट्रायटन मशीनपर्यंत पोचलं की दर ४४ डाल्टनच्या अंतरावर शिखरांची रांग लागते, पेप्टाइड्स त्याखाली गाडली जातात आणि फॅसिलिटीवाले तुमच्या नावाने बोटं मोडतात.

किती प्रथिन बनवलं हाही मुद्दा आहे. ट्रान्सफेक्शनने, म्हणजे बाहेरून प्लाझ्मिड घालून, पेशीत नेहमीच्या कितीतरी पट प्रथिन तयार होतं, त्यातलं काही नीट घडी न पडलेलं असतं, आणि घडी घालणारी शॅपेरॉन्स त्याला धरून बसतात. एचएसपी-७० कंट्रोलपेक्षा खूप जास्त असेल तर तो जोडीदार असण्यापेक्षा तक्रार असण्याची शक्यता जास्त. कमी प्रमाणात, कायमस्वरूपी व्यक्त करणारी सेल लाइन बनवा. जमलं तर क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने मूळ जनुकालाच टॅग जोडा. टॅग कोणत्या टोकाला आहे तेही बघा. फ्लॅग आठच अमिनो आम्लांचा असला तरी, ज्या टोकाने प्रथिन जोडीदाराला धरतं नेमकं तेच टोक झाकलं गेलं तर यादी रिकामी येते.

आणि एचईके-२९३टी बद्दल. २९३ हा आकडा फ्रँक ग्रॅहम यांच्या प्रयोगांच्या वहीतला, १९७३ च्या सुमाराचा, २९३ वा प्रयोग. या पेशींत अ‍ॅडेनोव्हायरसची ई१ए आणि ई१बी ही जनुकं आहेत आणि 'टी' मध्ये वर एसव्ही-४० या विषाणूचा लार्ज टी अँटिजेन. ही व्हायरल प्रथिनं पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या पी-५३ आणि आरबी या प्रथिनांना पकडून ठेवतात. तुमचं काम पेशीचक्राशी किंवा पी-५३ शी जवळचं असेल तर या पेशी चुकीच्या आहेत, मग त्या कितीही सोप्या असोत. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान केंद्राच्या पेशी भांडारातून दुसरी लाइन मागवता येते. आणि हो, डेटाबेसमध्ये त्या व्हायरल प्रथिनांचे क्रम घातलेले नसतील तर मशीनने ती पाहिली तरी सॉफ्टवेअर त्यांचं नाव घेणार नाही.

पेशी बदलली की जोड्या किती बदलतात याचा अंदाज हार्वर्डच्या बायोप्लेक्स प्रकल्पातून येतो. २०२१ साली त्यांनी एचईके-२९३टी मध्ये दहा हजारांवर प्रथिनं एकेक करून ओढली आणि १,१८,००० च्या वर इंटरॅक्शन्स मांडली. सोबत एचसीटी-११६ या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींतही हेच केलं. दोन्हीत सगळं सारखं नाही. दोन्हीकडे टिकतात त्या बहुतेक पेशीच्या मूलभूत कामातल्या घट्ट जोड्या. तुमचं प्रथिन तिथे आधीच ओढलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. पुढचा प्रयोग करण्याआधी ते शोधा. तुमच्या यादीत त्यांची पहिली पाच नावं नसतील तर आधी तुमच्या पुलडाउनकडे बघायला हवं.

आता समजा, सगळं नीट केलं तरी हाती फार थोडं आलं. तर कदाचित तुमच्या प्रथिनाचे सोबती क्षणभर भेटून जाणारे असतील. एन्झाइम आणि त्याचं सब्स्ट्रेट (ज्यावर ते काम करतं ते) असंच भेटतात, आणि पुलडाउनच्या वॉशमध्ये ते वाहून जातात. तिथे मी टर्बोआयडी वापरते. प्रथिनाला एक एन्झाइम जोडायचं, बायोटिन द्यायचं, आणि जिवंत पेशीतच ते साधारण १० नॅनोमीटरच्या परिघातल्या प्रथिनांवर बायोटिनचा शिक्का मारतं. याच्या आधीच्या मूळ पद्धतीला, २०१२ सालच्या बायोआयडीला, १८ ते २४ तास लागत. टर्बोआयडीला दहा मिनिटं पुरतात. मग पेशी हवी तशी कडक फोडा, एसडीएसमध्ये फोडा, शिक्का जात नाही. पण शिक्का शेजाऱ्याला लागतो, नातेवाईकालाच असं नाही. एकाच वाड्यात राहणाऱ्या सगळ्यांवर लागतो. म्हणून इथला कंट्रोल म्हणजे त्याच वाड्यात सोडलेलं मोकळं टर्बोआयडी. बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनने ओढलं की पायरुव्हेट कार्बोक्सिलेजसारखी पेशीची स्वतःचीच बायोटिनवाली एन्झाइम्स येणार. ती प्रत्येक वेळी येतात. नाही आली तर उलट पुलडाउन बिघडला असं समजा.

यादीतून दहा-बारा नावं उरली की मग तपासणी. उलटा पुलडाउन, म्हणजे सोबत्याला ओढून तुमचं प्रथिन येतं का ते बघणं, आणि तेही शक्य असेल तर टॅग न लावलेल्या, पेशीतल्या मूळ प्रथिनांवर. प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्डच्या मल्टिमरला दोन्ही क्रम देऊन जोड कुठे दिसतो ते बघा. तो पुरावा नाही, पण कोणतं अमिनो आम्ल बदलून बघायचं हे सुचतं. एका ठिकाणचा बदल करून जोडी तुटली आणि पेशीतलं कामही बिघडलं, तर ती एक जोडी तुमच्या वीस नावांच्या आकृतीपेक्षा भारी आहे. गाइडना सांगताना मात्र हे वाक्य जरा मऊ करून सांगा.

नाशिकमधून हे करता येतं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. येतं. मशीन आपल्या गावात असलंच पाहिजे असं नाही. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली उपकरणं शोधता येतात, आणि मुंबई-पुणे आपल्याला काही तासांच्या अंतरावर आहे. फक्त बीड्स ड्राय आइसमध्ये घालून मे महिन्यात कुरिअरच्या हवाली करू नका. मी ट्रिप्सिनचं पचन इथेच बीड्सवर करते, पेप्टाइड्स सी-१८ टिपवर (त्यांना धरून ठेवणाऱ्या छोट्या नळीवर) धुऊन पूर्ण वाळवते आणि कोरडी पाठवते. कोरडी पेप्टाइड्स प्रवासाला कणखर असतात. बुकिंग करताना दोन गोष्टी सांगा. कंट्रोल आधी चालवा आणि तुमचा नमुना नंतर, मध्ये ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायची फेरी. नाहीतर कॉलममध्ये उरलेलं तुमचं प्रथिन कंट्रोलमध्ये उमटतं. आणि कच्च्या फाइल्स मागून घ्या, नुसती एक्सेल नको.

केराटिनची तक्रार सगळेच करतात. ते आपल्या त्वचेचं, केसांचं, धुळीचं. पण डिसेंबरात आपल्याकडे थंडी पडली की लॅबमध्ये सगळे स्वेटर घालून बसतात, आणि मी एकदा मानवी पेशींच्या नमुन्यात मेंढीचं केराटिन ओळखलेलं आहे. बाह्या हातमोज्यांच्या आत, आणि शक्यतो लोकर बाहेरच ठेवा.

तुमच्यासाठी या आठवड्यातलं काम एवढंच: पेशींचे पेलेट्स (गोठवून ठेवलेले पेशींचे गोळे) उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये शिल्लक आहेत का बघा. प्लाझ्मिड घातलेल्या आणि न घातलेल्या, दोन्हींचे असतील तर दोन्ही एकाच दिवशी एम-२ बीड्सवर ओढा आणि मशीनला पाठवण्याआधी पीआरएमटी-५ चा साधा वेस्टर्न करून बघा. दोन्ही लेनमध्ये पट्टी दिसली तर यादी कशी वाचायची ते मी पुढे सांगते. पेलेट्स नसतील तर नवीन पेशी लावा, जुना लायसेट वितळवू नका.